खुरपं तंत्रज्ञानात येतं का?

पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगतो. फाट्यावर गाडीची वाट बघत असाल तर आत्ता उघडू नका, गाडी निघून जाईल. रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा.

गेल्या आठवड्यात आपल्या पोखर्णीत एका विद्यापीठाची पाच पोरं-पोरी आली होती. कोणतं विद्यापीठ ते लिहीत नाही, कारण पुढं थोडं टोचून लिहिणार आहे आणि पोरं खरंच चांगली होती. एक इंजिनिअर, एक कृषी पदवीधर, दोघी समाजशास्त्राच्या आणि एक अर्थशास्त्राची. आंतरविद्याशाखीय संशोधन आहे म्हणाले. विषय माणूस, तंत्रज्ञान आणि समाज. म्हणजे साध्या भाषेत, यंत्र गावात आलं की गावाचं काय होतं आणि गाव त्या यंत्राचं काय करतं, हे वेगवेगळ्या विषयांच्या लोकांनी एकत्र बसून बघायचं.

मंदिराच्या अलीकडं पारावर बसले. हातात टॅब. मी पत्रकार म्हणून नाही, गावचा माणूस म्हणून शेजारी बसलो. पहिलाच प्रश्न होता, "आपल्या कुटुंबात शेतीसाठी कोणकोणतं तंत्रज्ञान वापरता?" ट्रॅक्टर, ठिबक, मोटारीचा स्टार्टर, मोबाइल, फवारणी पंप. गडी माणसं सांगायलेत, पोरगी बोटानं खुणा करायलीय. सगळं छान चाललं होतं.

तेवढ्यात खुरपणीहून येणाऱ्या चार-पाच बाया पाणी प्यायला थांबल्या. त्यातली एक आमच्या गल्लीतली आक्का. वय साठीच्या आसपास, टोळीची मुकादम म्हणा किंवा काहीही म्हणा, बायांना कुणाच्या रानात कधी जायचं ते तीच ठरवते. तिनं थोडा वेळ ऐकलं आणि कमरेचं खुरपं काढून त्या पोरीपुढं धरलं. "माय, हे येतं का त्याच्यात?"

पोरगी हसली. मग टॅबवर वर-खाली बघितलं. यादीत खुरपं नव्हतं. "इतर" असा एक रकाना होता, त्यात लिहू म्हणाली. आक्का म्हणली, "लिव्ह. इतर."

आणि गेली.

माझ्या डोक्यातून तो "इतर" जाईना. त्याचं एक कारण माझं स्वतःचं आहे.

दोन वर्षांपूर्वी मी एक बातमी केली होती. ड्रोनची फवारणी. प्रसिद्धीपत्रक आलं, सोबत फोटो आला, मी शीर्षक दिलं आणि छापून आली. दहा लिटरची टाकी, एकराला आठ-दहा मिनिटं, पाण्याची बचत, औषधाची बचत, शेतकऱ्याला दिलासा. सगळं खरंच होतं, खोटं एक अक्षर नव्हतं. पण पाठीवरच्या पंपानं एक एकर फवारायला दीड-दोनशे लिटर पाणी लागतं, आणि ते पाणी हिरीवरून बांधापर्यंत कोण आणतं, हे मी लिहिलं नव्हतं. फोटोत कायम पंपवाला गडी असतो. डोक्यावर घागर घेऊन खेपा घालणारी बाई फोटोच्या बाहेर असते. ड्रोन आला तर तिच्या खेपा वाचतात आणि तिचा रोजही वाचतो. कुणासाठी वाचतो, तर शेतमालकासाठी. बातमीत हे एका ओळीत मावलं असतं. पत्रकारितेच्या डिप्लोमात आम्हाला "कोण, काय, कुठे, कधी, का" शिकवलं होतं. "कुणाचं गेलं" हा प्रश्न त्या यादीत नव्हता.

म्हणून मी पोरांना दोष देत नाही. रकाना माझ्याही डोक्यात नव्हता.

आता थोडं जुनं सांगतो, कारण हा विषय काही काल-परवा मुंबई-दिल्लीत जन्मलेला नाही. ह्याचं एक नामी उदाहरण आपल्याच रेल्वे लाइनवर आहे. जालना.

गावोगावचा हातपंप आठवतो ना, मान खाली-वर करणारा? १९६० च्या दशकात सरकार आणि संस्था खेड्यात बोअर घेऊन जे पंप बसवत होते ते बिडाचे होते. ते मुळात युरोप-अमेरिकेतल्या एका कुटुंबाच्या अंगणासाठी बनवलेल्या पंपाची नक्कल होते. तिथं दिवसातून चार-दोन बादल्या निघायच्या. आपल्याकडं तोच पंप सगळ्या गावाला. पहाटेपासून रात्रीपर्यंत रांग, दांडा क्षणभर थांबत नाही. महिन्या-दोन महिन्यांत खिळी झिजायची, दांडा तुटायचा, आणि मग सगळे म्हणायचे, गावच्या लोकांना वस्तू सांभाळता येत नाही.

जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी उलटा विचार केला. पंप मोडतोय कारण तो वापरणाऱ्यांची संख्या बनवणाऱ्यानं मोजलीच नाही. त्यांनी बिडाऐवजी पोलाद घेतलं आणि दांडा एकाच खिळीवर फिरेल असा पंप केला. पुढं सोलापूरला त्यात सुधारणा झाली. ७२ च्या दुष्काळानंतर बोअरची संख्या वाढली, पाहण्या झाल्या तर जुने पंप बहुतेक बंद पडलेले. मग सरकार, युनिसेफ आणि अभियंते यांनी सोलापूरचा नमुना धरून 'इंडिया मार्क टू' तयार केला. तोच पुढं आफ्रिकेपर्यंत गेला. आपल्या मराठवाड्यातल्या एका गावच्या वर्कशॉपमधली कल्पना जगभर पाणी उपसतेय, आणि आपण शाळेत पोरांना हे सांगत नाही.

मात्र त्या पंपातही एक खोट राहिली. मोडला तर खोलायला जड हत्यारं आणि तालुक्याची गाडी लागायची. गावच्या बाईला किंवा गड्याला तो उघडता यायचा नाही. म्हणून नंतर 'मार्क थ्री' आला, गावात दुरुस्त होईल असा. म्हणजे कोण वापरणार हे मोजलं होतं, पण कोण दुरुस्त करणार हे मोजायला काही वर्षं गेली.

जगात ह्या गोष्टींचा रीतसर अभ्यास होतो. झिम्बाब्वेमध्ये असाच एक गावपंप आहे, 'बुश पंप'. त्याच्यावर मारियान द लाएत आणि आनमारी मोल या दोन संशोधक बायांनी २००० साली लिहिलेला निबंध आज विद्यापीठांत शिकवला जातो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की पंप म्हणजे नुसतं लोखंड नाही. गावानं मिळून खणलेली बोअर, ती सांभाळणारी समिती, मिळेल तो नट-बोल्ट लावून चालवणारे लोक, हे सगळं मिळून पंप. एखादा भाग बदलला तरी पंप पंपच राहतो. माणसं निघून गेली तर लोखंड उरतं. जालन्याच्या माणसांनी असला निबंध वाचलेला नव्हता, पण त्यांना ते कळलं होतं.

आता परभणी. आपल्या कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची. कृषी महाविद्यालय त्याच्याही आधीचं, १९५६ चं. परभणी क्रांती भेंडी, परभणी मोती ज्वारी, सोयाबीनचे एमएयूएस वाण, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण एक गोष्ट आपल्यातल्या फार जणांना माहीत नसते. त्याच आवारात गृहविज्ञानाचं महाविद्यालय आहे, आता त्याला सामुदायिक विज्ञान म्हणतात. लोकांना वाटतं तिथं पोरी स्वयंपाक आणि शिवण शिकतात. तिथं अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचं केंद्र आहे, शेतकरी आणि शेतमजूर बायांच्या कष्टाचा अभ्यास करणारं. ह्या कामाची देशपातळीवरची संस्था भुवनेश्वरला आहे, १९९६ पासून.

ह्या अभ्यासाची पद्धत मला फार आवडते. बाई कामाला लागण्याआधी तिच्या हृदयाचे ठोके मोजायचे. काम करताना मोजायचे. थांबल्यावर किती वेळात पूर्ववत होतात ते बघायचं. त्यावरून किती शक्ती खर्च झाली ते काढायचं. शरीराचा नकाशा करून विचारायचं की कुठं दुखतं, किती दुखतं. उकिडवं बसून किती वेळ, वाकून किती वेळ, त्या वेळात काम किती झालं. मग साधन बदलून पुन्हा मोजायचं. असल्या अभ्यासातून कापूस वेचायच्या कमरेच्या पिशव्या, भेंडी तोडताना घालायचे हातमोजे, सुधारित खुरपी आणि विळे अशी साधनं पुढं आली. मोठ्या यंत्रासारखा त्याचा फोटो येत नाही, त्यामुळं बातमीही येत नाही. (पुन्हा मीच. विद्यापीठाच्या बातम्या मी पंधरा वर्षं करतोय, पिशवीवर एकही केली नाही.)

त्याच आवारात दुसऱ्या बाजूला डिजिटल शेतीचं केंद्र झालं. जागतिक बँकेच्या मदतीच्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून. रोबोट, ड्रोन, आपोआप चालणारी यंत्रं. चांगली गोष्ट आहे, आपल्या पोरांना परभणीत हे शिकायला मिळतं. केंद्र सरकारची 'नमो ड्रोन दीदी' योजना आहेच, नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली, १,२६१ कोटींची, देशभर १५ हजार बचत गटांना ड्रोन, किमतीच्या ८० टक्के आणि जास्तीत जास्त आठ लाखांपर्यंत अनुदान. म्हणजे बाईच्या हातात यंत्र द्यायचा विचार सरकारनं केलाय, हे नाकारून चालणार नाही.

पण १५ हजार गट म्हणजे गावांच्या मानानं किती? ज्या गावात एका दीदीच्या हातात रिमोट येईल तिथं पाणी वाहणाऱ्या बाकीच्या बायांचं काय, ते कोण मोजणार? ठोके मोजणारे आणि ड्रोन उडवणारे एकाच गेटमधून आत जातात. एका बांधावर एकत्र आले तर किती बरं होईल!

न मोजल्यानं काय होतं ते यवतमाळनं २०१७ ला दाखवलंय. त्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. कापूस डोक्याच्या वर गेलेला, औषधाचं मिश्रण जहाल, बॅटरीच्या पंपाचा फवारा बारीक आणि जोराचा, अंगावर साधा सदरा, हवा कोंदट. पंप बनवणाऱ्याला कापसाची उंची माहीत नव्हती. कापूसवाल्याला औषधांचं मिश्रण कळत नव्हतं. मजुराला कुणी काही विचारलंच नव्हतं. प्रत्येक गोष्टीचा जाणकार कुठं ना कुठं होता, सगळं एका जागी बघणारा कुणी नव्हता. मेलेल्यांत बरेचसे रोजानं फवारणारे होते.

एकत्र बघायचे प्रयत्न झालेच नाहीत असंही नाही. मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचं केंद्र आहे, 'सितारा' म्हणतात त्याला, १९८५ पासूनचं. तिथली इंजिनिअरिंगची पोरं खेड्यात जाऊन राहतात, नळयोजना का बंद पडली ते शोधतात. 'पोकरा' तुम्हाला माहीत आहे, नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, सुरुवातीला १५ जिल्हे आणि पाच हजारांवर गावं, त्यात आपला जिल्हाही. त्यातला पाण्याचा ताळेबंद आयआयटीच्या मदतीनं बसवलेला. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, मातीत किती मुरला, जमिनीखाली किती उतरला, पिकाला किती लागलं, आणि खंड पडला तर कोणतं पीक किती उपाशी राहिलं. आपल्या भारी काळ्या रानात ओल धरून राहते, मुरमाड रानात आठ दिवसांत संपते, हे आजोबा सांगायचे, ते आता आकड्यात आलं. माझं मत विचाराल तर हे काम फार मोलाचं आहे. फक्त ताळेबंद गावाचा असतो आणि बोअर एकेकाचा असतो. ज्याचा खोल त्याला पाणी. हा भाग गणितात कसा बसवायचा, हे मला कुणी अजून समजावून सांगितलेलं नाही.

तर आक्का.

दोन दिवसांनी मी तिच्या ओट्यावर गेलो. म्हणलं, परवा त्या पोरीला का टोचलंस? ती म्हणली, टोचलं नाही, इचारलं. मग बोलत बसली. तिच्या टोळीत पूर्वी चौदा बाया होत्या. आषाढापासून पोळ्यापर्यंत हाताला उसंत नसायची. सोयाबीनची पहिली खुरपण, दुसरी खुरपण, मग कापूस, मग तूर. आता तणनाशक आलं. एक गडी, एक पंप, एका दिवसात चार एकर. यंदा सोयाबीनला टोळी गेलीच नाही. गवत मोठं झालं तर उपटायला एखादा दिवस बोलावतात, तेवढंच. टोळीत आठ जणी उरल्या. दोघी पुण्याला लेकाकडं, एक ऊसतोडीला, बाकीच्या घरीच.

मी मोठ्या शहाणपणानं तिला ठोके मोजायच्या संशोधनाचं सांगितलं. म्हणलं, खुरपणीनं कंबर जाते, गुडघे जातात, हे विद्यापीठानं मोजलंय. ती म्हणली, "ते मोजायला यंत्र कशाला, मला इचारायचं. कंबर गेलीच हाय. पण भाऊ, कंबर दुखती म्हणून खुरपणच नेली तुमी. आता कंबर बी दुखती आन् रोज बी नाही."

"तुमी" म्हणली ती. "त्यांनी" नाही.

कारण हे मी अजून लिहिलेलं नाही. माझं तीन एकर रान आहे. पंधरा वर्षं आक्काची टोळी माझ्या सोयाबीनमध्ये आली. यंदा मी तणनाशक मारलं. हिशेब सोपा होता. एकराला दोन वेळची खुरपण धरली तर आजच्या अडीचशे-तीनशेच्या रोजानं जेवढे पैसे जातात, त्याच्या निम्म्यात औषध आणि फवारणी दोन्ही होतं. सोयाबीनचा भाव तुम्हाला माहीत आहे. पावसानं उघडीप दिली नाही तर बाया मिळूनही रानात पाय ठेवता येत नाही, हेही खरं. मी चूक केली असं मला अजूनही म्हणवत नाही. पण तिच्या समोर बसून तो हिशेब तोंडातून निघाला नाही.

आणि म्हणूनच मला त्या पोरांच्या संशोधनाची गरज वाटते. टोमणा मारत नाहीये. काबाडकष्ट कमी करायचे म्हणून साधन शोधायचं एका विभागानं, उत्पादन खर्च कमी करायचा म्हणून औषध शोधायचं दुसऱ्यानं, आणि बायांच्या हाताला काम का नाही ह्याचा निबंध लिहायचा तिसऱ्या विद्यापीठातल्या समाजशास्त्रानं. आपल्याकडं पिकाचं विद्यापीठ परभणीला, कॉलेजांचं विद्यापीठ नांदेडला, यंत्राचं मुंबईला. आक्का मात्र एकच आहे. तिची कंबर, तिचा रोज आणि माझा खर्च हे तीन आकडे एका कागदावर आल्याशिवाय त्यातलं काय वाचवायचं, काय सोडायचं, हे ठरणार कसं? उद्या सुधारित अवजार आलं तर तेही बघायला पाहिजे की ते शेवटी जातं कुणाच्या हातात. उभं राहून ढकलायचं सायकल कोळपं आलं तेव्हा बायांचं वाकणं वाचेल म्हणाले होते. मला रानात ते चालवताना बहुतेक वेळा गडीच दिसलेत. काम सोपं झालं की गड्याचं होतं, आणि रोजही गड्याचा लागतो.

पारावरच्या त्या पोरीला मी फोन केला. म्हणलं, तुमचा "इतर" भरून घ्यायचा असेल तर पुन्हा या, पण दुपारी पारावर नको. सकाळी या, बायांसोबत. तिनं लगेच हो म्हणलं. तिच्या सरांना विचारलं, तेही हो म्हणाले, प्रश्नावली थोडी बदलू म्हणाले. इंजिनिअर पोरगाही येणार आहे. तो म्हणाला, "काका, खुरप्याच्या मुठीचं माप घ्यायचंय." घे बाबा.

आक्काला सांगितलं तर तिनं अट घातली. "येऊ दे. पण बांधावर बसून इचारायचं नाही. पात धरायची आन् मग इचारायचं."

ह्या पेजवर परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पूर्णा भागातले बरेच जण आहेत. तुमच्या गावच्या टोळीत पाच वर्षांपूर्वी किती बाया होत्या आणि आज किती, यंदा खुरपणीचे किती दिवस भरले, एवढंच खाली लिहा. घरात बसून अंदाजानं नको, टोळीतल्या बाईला विचारून लिहा. तिचं नाव टाकू नका, गाव पुरे. जेवढं जमेल तेवढं मी त्या पोरांना देणार आहे.

शुक्रवारी सकाळी साडेसातला निघायचं ठरलंय. माझ्या रानात यंदा खुरपण नाही, त्यामुळं फाट्यापलीकडच्या एका कापसाच्या रानात.